दृष्टम्

माझे बाबा महसूल खात्यात होते. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी, आणि सगळी नोकरी वाशिमच्या आजूबाजूच्या गावांत गेली. तलाठ्याचं दप्तर तपासलं की शेवटच्या नोंदीखाली ते लाल शाईने "पाहिले" असं लिहायचे, त्याखाली छोटीशी सही आणि तारीख. मी लहान असताना एकदोनदा त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले होते, मला आठवतंय की बांधावरून चालून, झाडं मोजून, विहिरीत डोकावून दोन तास झाले तरी ते एक शब्द लिहायला तयार नसायचे, आणि मी उन्हाने कंटाळून रडकुंडीला आले की म्हणायचे, "थांब पोरी, अजून पाहून नाही झालं."

मी अकरावीत असताना बाबांनी गावातल्या लायब्ररीतून एक जाडसर पुस्तक आणलं. वासुदेव विष्णु मिराशी यांचं 'वाकाटक नृपती आणि त्यांचा काळ'. १९५७ चं पुस्तक, पानं पिवळी पडलेली, शिवण सुटलेली. आणण्याचं कारण एवढंच की कोणीतरी ऑफिसात सांगितलं होतं की त्यात आपल्या वाशिमचं नाव आहे. रात्री जेवणं झाल्यावर ते चाळत बसले आणि मागच्या भागात जिथे ताम्रपटांचे मूळ पाठ दिलेत तिथे येऊन एकदम थांबले. मला हाक मारली. "हे पाय, काय लिहिलंय पहिल्याच ओळीत?" मी वाचलं, "दृष्टम्." म्हणजे काय? म्हणजे पाहिले! वाकाटक म्हणजे विदर्भातलं जुनं राजघराणं, त्यांचे ताम्रपट उघडले की बहुतेक ठिकाणी सुरुवातच या शब्दाने होते. राजाच्या दफ्तरात कोणीतरी मसुदा तपासला, बरोबर आहे असं ठरवलं आणि शेरा मारला. दीड हजार वर्षांपूर्वीचा शेरा. बाबा किती वेळ त्या शब्दाकडे बघत होते.

त्या रात्रीपासून मिराशी आमच्या घरात आले असं म्हटलं तरी चालेल. बाबांना तर त्यांचं आडनावसुद्धा आवडलं होतं, कारण मिरास म्हणजे वंशपरंपरेचा जमिनीवरचा हक्क, आणि जुन्या कागदात मिराशी शब्द त्यांना रोज भेटायचा.

मिराशी मूळचे कोकणातले. जन्म १३ मार्च १८९३, गाव कुवळे, तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आणि आताचा सिंधुदुर्ग. शिक्षण कोल्हापूर, पुणे असं करत करत १९१९ साली ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि मग विदर्भाचेच झाले. पुढे प्राचार्य झाले, अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचेही प्राचार्य होते, १९४१ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळाली, १९७५ मध्ये पद्मभूषण. १९८५ मध्ये गेले तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. ही झाली सर्व्हिस बुकातली नोंद. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की ते इतिहासाचे प्राध्यापक नव्हतेच, संस्कृतचे होते. वर्गात काव्य शिकवायचं, व्याकरण घ्यायचं, पेपर तपासायचे, आणि मग उरलेल्या वेळात तांब्याचे पत्रे आणि झिजलेले दगड वाचायचे. कॉलेजचा मास्तर म्हणून आलेला माणूस ज्या प्रदेशात राहतो तिथलीच माती उकरायला लागतो, त्या प्रदेशाला स्वतःलाच माहीत नसलेला इतिहास काढून देतो, याचं मला अजूनही फार अप्रूप आहे. मी आता नागपूरला बँकेत आहे, रोज सीताबर्डीवरून जाते, मॉरिस कॉलेजचं नाव आता वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था असं झालंय, पण जुनी माणसं अजून मॉरिसच म्हणतात आणि मीही मनात तेच म्हणते.

आमच्या वाशिमची गोष्ट आता सांगते, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

वाशिमला आम्ही लहानपणापासून ऐकलेलं की इथे वत्स ऋषींनी तप केलं, त्यांना भेटायला सगळे देव गोळा झाले आणि गावाला वत्सगुल्म नाव पडलं. पद्मतीर्थावर गेलं की आजी दर वेळी हीच गोष्ट सांगायची. गावातली बाकीची मोठी खूण म्हणजे बालाजीचं देऊळ, ते भोसल्यांच्या काळातलं, म्हणजे फार जुनं नाही. शाळेत वाकाटक म्हणून एक धडा होता, खरं तर धडा नाही, गुप्तांच्या धड्यात एक परिच्छेद, आणि तो शिकवताना कोणी सांगितलं नाही की अरे, ही यांची राजधानी, तुम्ही बसलाय तीच जागा. आजीच्या गोष्टीतलं वत्सगुल्म आणि परिच्छेदातले वाकाटक माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत राहिले.

१९३९ मध्ये वाशिमला ताम्रपट सापडले. विंध्यशक्ती दुसरा या राजाने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेलं दान, नांदीकट म्हणजे आजच्या नांदेडच्या बाजूचं एक गाव, आणि सनद कुठून सुटली तर वत्सगुल्म इथून. झालं, आजीची गोष्ट तांब्यावर निघाली. ऋषींची नाही, पण नावाची तर निघाली ना. त्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि खालचा दानाचा मजकूर प्राकृतात. बाबा म्हणाले, "वरचा मायना सरकारी आणि खालचं गावाला समजेल असं. बरोबर आहे, आपणही तसंच करतो." मला हे कुठल्याही पुस्तकात इतकं सोपं करून सांगितलेलं सापडलं नाही.

यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांच्यासारखे वऱ्हाडातले अभ्यासक आणि मिराशी अशा लोकांनी हे ताम्रपट वाचले, छापले. त्यातली वंशावळ अशी: विंध्यशक्ती, त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा हा दुसरा विंध्यशक्ती. आता सर्वसेन हे नाव वाकाटकांच्या यादीत तोपर्यंत कुठेच नव्हतं. मग हा कोण?

इथे अजिंठा येतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात व्हरांड्याच्या बाहेर डाव्या हाताच्या भिंतीवर एक मोठा लेख आहे, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा, लेणं त्यानेच कोरवून दिलं. लेख उघड्यावर, पंधराशे पावसाळे खाल्लेला. एकोणिसाव्या शतकात ब्यूलरसारख्या मोठ्या विद्वानाने तो वाचला तेव्हा प्रवरसेनाच्या नंतरचं नाव रुद्रसेन असं लावलं, त्याच्या पुढचं पृथिवीषेण असं. कारण वाकाटकांच्या दुसऱ्या ताम्रपटांत ही नावं येतात, आणि अर्धवट पुसलेल्या अक्षरात डोळ्याला जे माहीत असतं तेच दिसतं. वाशिमचे ताम्रपट हाती आल्यावर मिराशींनी तो लेख नव्याने तपासला. रुद्रसेन नव्हतंच तिथे. सर्वसेन होतं. आणि पृथिवीषेण नव्हतं, विंध्यसेन होतं. म्हणजे वाशिमच्या तांब्यावरचीच माणसं अजिंठ्याच्या दगडावर बसली होती, साठ वर्षं चुकीच्या नावाने. या एका दुरुस्तीने वाकाटकांच्या दोन शाखा स्वच्छ वेगळ्या झाल्या, एक नंदिवर्धनची आणि दुसरी आमची, वत्सगुल्मची, आणि अजिंठ्याची ती देखणी लेणी ज्या हरिषेणाच्या काळात झाली तो या वत्सगुल्म शाखेचा राजा. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने मिराशींचं हे वाचन १९४१ मध्ये छापलं, अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

मी यावर बरेच दिवस विचार केला आहे. संस्कृतच्या मास्तराला वृत्ताचा आधार असतो, श्लोकात एखादं अक्षर गेलं तर लघु गुरू लावून अंदाज बांधता येतो, हा लेखही श्लोकबद्ध आहे. पण रुद्रसेन म्हणून बघा आणि सर्वसेन म्हणून बघा. दोन्ही वृत्तात सारखीच बसतात, गुरू लघु गुरू लघु. वृत्त इथे काही मदत करत नाही. फक्त डोळे. पुन्हा बघायचं, ठसा घेऊन बघायचं, तिरपा उजेड पाडून बघायचं, आणि आपल्याला जे माहीत आहे ते बाजूला ठेवून बघायचं, हे शेवटचं सगळ्यात कठीण.

ठसा कसा घेतात ते मी एकदा पाहिलंय म्हणून सांगते. आधी दगड ब्रशने आणि पाण्याने धुतात, मग ओला कागद अंगावर बसवतात आणि जाड केसांच्या ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचेत घालतात, ठोकणाऱ्याचा हात जरा जोरात पडला की कागद फाटतो, हळू पडला की अक्षर उठत नाही. कागद अर्धवट वाळला की कापडाच्या बोळ्याने शाई लावतात. सगळं काळं होतं आणि अक्षर तेवढं पांढरं राहतं. वाकाटकांच्या अक्षरांच्या डोक्यावर एक छोटी चौकट असते, पेटी म्हणतात तिला, प्रत्येक अक्षराने डोक्यावर डबी घेतल्यासारखी. कागद उचलला तेव्हा त्या पांढऱ्या डब्यांची ओळ काळ्या कागदावर एकदम दिसली आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

सर्वसेन नुसता राजा नव्हता, कवी होता. 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य त्याने लिहिलं, ते आता मिळत नाही, पण संस्कृतातल्या साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे उल्लेख आणि तुकडे आहेत. दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाने 'सेतुबंध' लिहिलं, तेही महाराष्ट्री प्राकृतात. आणि राजशेखर हा जुना संस्कृत कवी तर एका रूपककथेत सांगतो की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागलं. वाशिममध्ये! म्हणजे ज्या भाषेतून पुढे आपली मराठी आली ती भाषा इथले राजे काव्यात वापरत होते आणि आम्ही शाळेच्या गॅदरिंगला विदर्भात काही नाही म्हणून तोंड पाडून बसायचो. मिराशींनी हे सगळे धागे, काव्यातले आणि तांब्यातले, एकाच हाताने ओढले. संस्कृतचा मास्तर इतिहासात उतरला त्याचा हा फायदा.

वाकाटकांचा काळ ठरण्याची गोष्ट पण सांगायला पाहिजे, ती मिराशींच्या आधीची आहे पण त्यांच्या पुस्तकातूनच मला कळली. प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी, नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून तिने स्वतः कारभार पाहिला. जुन्या ताम्रपटांत तिच्या वडिलांचं नाव देवगुप्त असं येतं. फ्लीट या इंग्रज लेखतज्ज्ञाने हा देवगुप्त मगधातला उत्तरकालीन गुप्त धरला आणि वाकाटक एकदम सातव्या शतकाच्या आसपास जाऊन पडले. मग पुण्यात एका तांबट कुटुंबाकडे जपून ठेवलेले दोन पत्रे उजेडात आले, प्रभावतीचेच, त्यात तिने माहेरची वंशावळ दिली आहे आणि बापाचं नाव स्वच्छ चंद्रगुप्त. दुसरा चंद्रगुप्त. अख्खं घराणं मागे चौथ्या पाचव्या शतकात आलं. तांबटाच्या घरात! ज्याचा धंदाच तांबं वितळवायचा त्याच्या घरातून हे बचावून आलं. बाबा हे वाचून म्हणाले होते की आमच्या ऑफिसात तर कागद वाळवीने खाल्ले, तांब्याचे असते तर बरं झालं असतं.

याच प्रभावतीचा दुसरा ताम्रपट रिद्धपूरचा, महानुभावांचं रिद्धपूर तेच. तो दिला गेला रामगिरिस्वामीच्या पायाशी. कालिदासाचा यक्ष 'मेघदूता'त ज्या रामगिरीवर राहतो तो डोंगर कुठला यावर खूप वाद झाले, कोणी छत्तीसगडातला रामगड म्हणायचं. मिराशींनी रामटेकची बाजू मांडली, शेवटपर्यंत. राजधानी नंदिवर्धन म्हणजे नगरधन, तिथून रामटेक हाकेच्या अंतरावर, राणी तिथल्या देवाच्या पायाशी दान देते, आणि ही राणी चंद्रगुप्ताची लेक, ज्याच्या दरबाराशी कालिदासाचं नाव जोडलं जातं. मला हे पटतं. आषाढात रामटेकच्या गडावर उभं राहून ढग येताना बघितलेत त्यांना पुरावा जरा जास्तच पटतो हेही खरं, पण मिराशींनी ढगांवर विसंबून लिहिलं नाही, ताम्रपटावर विसंबून लिहिलं.

आता पवनार. दुसऱ्या प्रवरसेनाने नवी राजधानी वसवली, प्रवरपूर. मिराशींनी ती वर्ध्याजवळच्या पवनारला लावली, धाम नदीच्या काठी, जिथे विनोबांचा आश्रम आहे. आश्रमाच्या जमिनीत खणताना राम आणि भरताच्या भेटीची मूर्ती निघाली, आणखीही शिल्पं निघाली, मिराशींनी ती रामकथेची म्हणून ओळखली आणि प्रवरसेनाने आईसाठी, म्हणजे प्रभावतीसाठी, बांधलेल्या देवळाशी जोडली. बरीच वर्षं सगळे हेच शिकले. मग मिराशी गेल्यानंतर, १९९७-९८ पासून, रामटेकजवळ मनसरला उत्खनन झालं, विटांचं केवढं मोठं बांधकाम निघालं, आणि तिथे 'प्रवरेश्वरस्य' असं लिहिलेल्या मुद्रा मिळाल्या. आता बरेच अभ्यासक प्रवरपूर मनसरला ठेवतात.

मला आधी हे वाचून वाईट वाटलं होतं. आपल्या घरातल्या माणसाला कोणी चूक म्हटल्यासारखं. मग मी परत पुस्तक काढलं आणि पाहिलं की त्यांनी पवनारसाठी काय काय मांडलं होतं, कुठला ताम्रपट, कुठलं गाव, कुठली नदी, सगळं उघडं ठेवलेलं, कोणीही येऊन तपासावं असं. ब्यूलरला त्यांनी जसं तपासलं तसं त्यांना पुढच्यांनी तपासलं. फेरफाराची नोंद अशीच असते, जुनी खोडत नाहीत, खाली नवी घेतात, आणि जुनी वाचता आली पाहिजे. त्यांची जुनी नोंद आजही स्वच्छ वाचता येते.

त्यांच्या कामाचा पसारा मी इथे सांगत बसत नाही, कलचुरींचे लेख १९५५ मध्ये, वाकाटकांचे १९६३ मध्ये, असे जाडजूड खंड भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यासाठी केले, 'संशोधन मुक्तावली'चे भाग मराठीत लिहिले, कालिदासावर पुस्तक, भवभूतीवर पुस्तक. पण एका खंडाबद्दल लिहितेच. १९७७ मध्ये शिलाहारांच्या लेखांचा खंड निघाला तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. शिलाहार म्हणजे उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर इथली जुनी राजघराणी. म्हणजे खारेपाटणचा रट्टराजाचा ताम्रपट, शक ९३०, जो त्यांच्या स्वतःच्या मुलखातला. म्हणजे कोल्हापूर, जिथे ते शिकले. सगळं आयुष्य विदर्भाची नोंदवही लिहिली आणि शेवटी आपल्या गावाकडच्या पानावर आले. हे त्यांनी ठरवून केलं की काम तसं येत गेलं, कोण जाणे, मला मात्र तो खंड हातात घेतला की भरून येतं.

बाबा रिटायर झाले त्या वर्षी मी विचारलं की कुठे जायचं, तिरुपती, काशी, कुठेही नेते. ते म्हणाले चमकला जाऊ. चमक म्हणजे अचलपूरजवळचं गाव. मिराशींच्या पुस्तकात त्याचा ताम्रपट आहे, दुसऱ्या प्रवरसेनाच्या राज्याच्या अठराव्या वर्षातला. भोजकट राज्यात, मधुनदीच्या काठचं चर्मांक गाव एक हजार ब्राह्मणांना दिलं, जमीन आठ हजार भूमी, राजाच्या मापाने मोजलेली. बाबांना तो लेख पाठ झाला होता, कारण त्यात सगळी त्यांची भाषा आहे. या गावात शिपाई सोजीर शिरणार नाहीत. गाईबैलांची वेठ नाही. फुलं आणि दूध मागायचं नाही. चारा, कातडं, कोळसा मागायचा नाही. मीठ खणायचा सरकारी हक्क सोडला. सगळ्या प्रकारची वेठबिगार माफ. जमिनीतलं गुप्तधन सुद्धा त्यांचंच. आणि मग अटी, की हे दान तोवरच जोवर हे लोक राज्याविरुद्ध उठत नाहीत, चोऱ्या करत नाहीत, दुसऱ्या गावांना त्रास देत नाहीत, तसं केलं तर राजा जमीन परत घेईल आणि त्याला चोरीचं पाप लागणार नाही. शर्तभंग! बाबा हा शब्द उच्चारायचे तेव्हा त्यांचा आवाज ऑफिसातला व्हायचा. जे जे माफ केलंय त्याची यादी वाचली म्हणजे बाकीच्या गावांतून काय काय उचललं जात होतं ते कळतं, हे त्यांनीच मला दाखवलं. बाकीच्या गावांतली माणसं दूध देत होती, बैल देत होती, वेठीला जात होती.

आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता. ऊन चांगलंच होतं. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या बागा, मध्ये तूर, कपाशी फुटायला लागलेली. नदीला पाणी थोडंच होतं. गावातल्या पारावर बसलेल्या दोघातिघांना बाबांनी सांगितलं की तुमच्या गावाची सनद आहे, राजाची, तांब्यावरची. एक म्हातारे म्हणाले, "आमच्या कोणाच्या नावानं हाय?" बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, अर्धा तास, मिराशी कोण, वाकाटक कोण, आणि ते लोक फार लक्ष देऊन ऐकत होते, मध्येच एकाने चहा सांगितला.

परत निघताना बाबा नदीच्या बाजूने बांधावर चढले. मी म्हटलं, उशीर होतोय, अंधाराच्या आत परतवाड्याला पोचायचंय. ते एका बांधापासून दुसऱ्या बांधाकडे पावलं टाकत निघाले होते, सरळ, एकसारखी, पूर्वी मोजणीच्या वेळी टाकायचे तशी, ओठ हलत होते. मी हाक मारली तर हात वर करून थांब म्हणाले. आकडा चुकला असता.